जावळीचा तेरावा चौकोन

१२ कोटी ४४ लाख १६ हजार. हा आकडा एकदा मोठ्याने वाचा, मग पुढे जाऊ.

संगणकाचा साधा पडदा घ्या, कुठल्याही दुकानात मिळतो तो. त्यावर आडवे १,९२० ठिपके, उभे १,०८०. गुणाकार २० लाख ७३ हजार ६००. खेळ अडखळू नये म्हणून हे सगळेच्या सगळे ठिपके सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवायचे. झाले १२ कोटी ४४ लाख १६ हजार, आणि तेही एका सेकंदात! २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार ३३३ होती. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक माणसाच्या हातावर एकेक ठिपका ठेवा, तरी एक कोटी वीस लाख उरतात. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेवढेच वाटप. त्याच्या पुढच्या सेकंदाला पुन्हा.

एक ठिपका साधारण पाव मिलिमीटर रुंद. सेकंदाभराचे ठिपके एका ओळीत मांडले तर ३१ किलोमीटर होतात. मेढ्याच्या एसटी स्टँडपासून ओळ सुरू केली तर सेकंद संपायच्या आत सातारा मागे पडतो. पाच सेकंदांत मुंबईहून पुणे. तासभर खेळलात की ओळ पृथ्वीला पावणेतीन वेढे घालून मोकळी!

आणि एवढा रंग ओतून पडद्यावर काय उभे राहते? सोळाव्या शतकातला जपान. भाले, पाठीवरची निशाणे, डोंगरावरचे किल्ले, भाताची खाचरे आणि एकमेकांच्या उरावर बसलेले सरदार. १४६७ साली क्योतोत युद्ध पेटले आणि देशाचे तुकडे झाले. प्रत्येक खोऱ्याला एक धनी, त्याला दाइम्यो म्हणत. शेजारच्या खोऱ्यावर प्रत्येकाचा डोळा. ही धुमश्चक्री १६०३ साली तोकुगावा इएयासु शोगुन झाला तेव्हा खऱ्या अर्थाने शमली. १३६ वर्षे! आधी ओदा नोबुनागा, मग तोयोतोमी हिदेयोशी, मग इएयासु, अशा तीन माणसांनी ते तुकडे सांधले.

या सांधण्याचाच खेळ झाला. १९८३ साली जपानच्या कोएई कंपनीने ‘नोबुनागाज अँबिशन’ काढला. पहिल्या खेळात १७ प्रांत होते, १९८६ च्या अखिल जपानच्या आवृत्तीत ५०. २००० साली इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने ‘शोगन: टोटल वॉर’ आणला, २०११ मध्ये त्याचा दुसरा भाग. खेळाडूच्या हाती एक प्रांत येतो. तांदूळ गोळा करायचा, गड बांधायचे, सोयरीक जुळवायची, फौज उभी करायची, शेजारी गिळायचा. असे करत करत सारा नकाशा एका रंगाचा करायचा.

जावळीच्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. खोरे, घाट, देशमुखी, भाऊबंदकी, कोण आज कोणाकडे आणि उद्या कोणाकडे, हे सगळे इथल्या मातीतले आहे. मेढा हे आज जावळी तालुक्याचे मुख्य गाव. वेण्णा महाबळेश्वराहून उतरते, मेढ्यावरून वाहते, कण्हेरच्या धरणात विसावते आणि संगम माहुलीला कृष्णेत मिळते. ज्या जावळी गावावरून तालुक्याला नाव पडले ते गाव मात्र प्रतापगडाच्या पायथ्याशी, आजच्या महाबळेश्वर तालुक्यात आहे. तिथे चंद्रराव मोऱ्यांचे राज्य होते. चंद्रराव ही आदिलशाहीने दिलेली पदवी, आणि मोऱ्यांचा तोरा एखाद्या दाइम्योच्या तोडीचा. कोकणातून पार घाटाने वर येणारी वाट त्यांच्या अंगणातून जाई. म्हणून आपण आज जपानचे आकडे जावळीच्या मापाने मोजणार आहोत. चला.

सुरुवात तांदळापासून, कारण जपानी सरदाराची श्रीमंती तांदळात मोजत. माप होते कोकू. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर, वजनाने दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे पन्नास किलोचे तीन कट्टे. एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, असा त्याचा ठोकताळा. ‘शोगन’ खेळात खजिन्याचा आकडा कोकूतच दिसतो. खेळणारा पोरगा दहा हजार कोकू एका बोटाने उधळतो. पण दहा हजार कोकू म्हणजे किती? पुढे तोकुगावांच्या काळात दाइम्यो म्हणवून घ्यायला किमान एवढे उत्पन्न लागे. वजन दीड हजार टन. मालगाडीच्या २४ वाघिणी काठोकाठ! हा सगळ्यात लहान दाइम्यो. कागा प्रांताच्या माएदा घराण्याकडे दहा लाखांहून जास्त कोकू होते. दीड लाख टन. बेचाळीस-बेचाळीस वाघिणींच्या जवळपास ५८ मालगाड्या, एकट्या घराण्याच्या नावावर!

आता सारा जपान. हिदेयोशीने देशभर जमीन मोजून घेतली. सोळावे शतक संपता संपता बेरीज आली सुमारे १ कोटी ८५ लाख कोकू. म्हणजे साडेपाच कोटी कट्टे. २७ लाख ७५ हजार टन. एका मालगाडीत २,६०० टन धरले तर हजारावर मालगाड्या लागतात. एक गाडी साधारण साडेसहाशे मीटर लांब. या साऱ्या गाड्या एकीच्या शेपटाला दुसरी अशा रुळावर उभ्या करा. मुंबई ते पुणे रेल्वेमार्ग १९२ किलोमीटरचा, तो भरला. दुसरा रूळ टाका, तोही भरला. तिसराही भरला. चौथ्या रुळावर जवळजवळ लोणावळ्यापर्यंत डबेच डबे! आजच्या चाळीस रुपये किलोच्या भावाने या तांदळाची किंमत ११ हजार १०० कोटी रुपये. आणि खेळात हा सारा ऐवज पडद्याच्या कोपऱ्यात, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत लिहिलेला असतो.

तांदूळ कोण खातो? फौज. २१ ऑक्टोबर १६०० रोजी सेकिगाहारा इथे दोन्ही बाजू मिळून सुमारे एक लाख साठ हजार माणसे समोरासमोर आली असे मानतात. जावळी तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये लाखाच्या थोडी वर होती. म्हणजे तालुक्यातली सगळी माणसे, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, हातात भाला देऊन उभी केली, तरी सेकिगाहाराची फौज भरत नाही. अजून अर्धा तालुका उसना आणावा लागतो! या गर्दीला दिवसाचा नुसता तांदूळ ६५ टन. रोज एक वाघीण भरून, वर थोडा पोत्यांत. भाजी नाही, मीठ नाही, लोणचे नाही. नुसता भात. लढाई मात्र काही तासांत निकाली निघाली.

घोड्यांचे गणित याहून दांडगे. इथे आपण जपान सोडून आपल्याच वाटेने येऊ. १६५९ साली अफझलखान वाईला तळ देऊन बसला. त्या काळच्या इंग्रजांच्या पत्रव्यवहारात त्याच्याबरोबर दहा हजार घोडदळ आणि पायदळ असल्याचा उल्लेख येतो. त्यातले निम्मे, पाच हजार घोडे धरू. एक घोडा दिवसाला पस्तीस लिटर पाणी सहज पितो. एकूण पावणेदोन लाख लिटर. आपल्याकडची चांगली विहीर घ्या, आठ मीटर व्यासाची, बारा मीटर खोल, तोंडापर्यंत भरलेली. तिच्यात सहा लाख लिटर मावतात. साडेतीन दिवसांत विहीर कोरडी! वाईला कृष्णा आहे म्हणून निभावले. आणि वैरण? घोड्यामागे दहा किलो धरली तरी रोज पन्नास टन. दहा टनी पाच ट्रक सकाळी यायचे आणि संध्याकाळपर्यंत रिकामे. महिन्याला दीड हजार टन. वर दाइम्यो होण्यासाठी किती तांदूळ लागे म्हणालो? दीड हजार टन! म्हणजे जेवढ्या तांदळावर जपानात एक माणूस संस्थानिक होई, तेवढ्या वजनाचा चारा खानाचे घोडे महिन्याभरात फस्त करत होते.

खेळाडूला यातले काही दिसत नाही. त्याला दिसतो एक आकडा, ‘फौजेचा खर्च’. पण त्या आकड्यामागे ट्रक, वाघिणी आणि विहिरी रांगेने उभ्या आहेत. चांगला खेळ तो, जो हा आकडा वाढला की खेळाडूच्या पोटात गोळा आणतो. कोएईच्या खेळाने ते १९८३ सालीच साधले होते, आणि मला तरी त्याचे कौतुक आजच्या लखलखीत पडद्यांपेक्षा जास्त वाटते.

कारण तेव्हाचा संगणक किती होता ते पाहा. त्या काळच्या जपानी घरगुती संगणकाची स्मृती साधारण ६४ किलोबाइट. आज मेढ्याच्या बाजारपेठेत खिशाखिशात जो फोन आहे त्यात आठ गिगाबाइट स्मृती सर्रास असते. पट किती? १ लाख ३१ हजार ७२! जुन्या संगणकाची स्मृती म्हणजे दहा लिटरची एक घागर मानली, तर फोनची स्मृती म्हणजे मघाच्या त्या भल्या थोरल्या विहिरी, एक नव्हे, दोन, आणि तरी पाणी उरते. त्या एका घागरीत कोएईवाल्यांनी सतरा प्रांत, त्यांचे सरदार, त्यांचा तांदूळ, त्यांचे सैन्य आणि त्यांच्या मनातली लबाडी असे सगळे बसवले.

आता खरी गंमत. आतापर्यंतचे आकडे हा नुसता पायथा होता. घाट इथून सुरू होतो.

प्रश्न असा आहे: नकाशावर किती वेगवेगळे प्रसंग उद्भवू शकतात? कोणता प्रांत कोणाकडे, एवढेच बघायचे. बाकी फौज, खजिना, पाऊसपाणी सगळे विसरा. आपण आपला खेळ मांडू. पुण्याच्या भोवतालची बारा मावळे घ्या. बारा चौकोन. प्रत्येक चौकोन एक तर स्वराज्यात, नाही तर आदिलशाहीत. दोनच पर्याय. किती नकाशे होतील? दोनाला दोनाने बारा वेळा गुणायचे: ४,०९६. प्रत्येक नकाशा एका कागदावर काढू आणि कागद एकावर एक रचू. कागदाची जाडी एक दशांश मिलिमीटर, पाचशे कागदांची रीम पाच सेंटिमीटर. ४,०९६ कागदांची थप्पी होते ४१ सेंटिमीटर. गुडघ्याएवढी. यात काय मोठेसे?

मोगलांना आत घ्या. पर्याय तीन झाले. नकाशे ५ लाख ३१ हजार ४४१. थप्पी ५३ मीटर. सतरा मजली इमारतीएवढी! एक खेळाडू वाढला आणि गुडघ्यावरून गच्चीवर गेलो.

जंजिऱ्याचा सिद्दी आला, गोव्याचा पोर्तुगीज आला. पर्याय पाच. नकाशे २४ कोटी ४१ लाख ४० हजार ६२५. थप्पी साडेचोवीस किलोमीटर. आडवी टाकली तर मेढ्यापासून साताऱ्यापर्यंत! कण्हेरच्या पाण्याच्या बाजूबाजूने कागदच कागद.

आता इथे थांबा, कारण आता जावळी येते. जावळी बारा मावळांत नाही. ती तेरावी. नकाशात हा एकच चौकोन वाढवला. खेळाडू तेच पाच. थप्पी किती वाढेल? कोणालाही वाटेल, बाराचे तेरा झाले, म्हणजे थोडीशी. अहो, ती पाचपट होते! नकाशे १२२ कोटी ७ लाख ३ हजार १२५. थप्पी १२२ किलोमीटर. मेढा-सातारा रस्त्याएवढी होती, ती आता सातारा-पुणे रस्ता पुरून उरते. एका चौकोनाने एवढे केले. जागा नकाशात मिळवली जात नाही, ती गुणली जाते. हे मला या सगळ्या खेळांतले सगळ्यात मोठे सत्य वाटते, आणि ते समजायला जावळीइतके चांगले ठिकाण नाही.

पुढे चला. परके बाजूला ठेवा आणि प्रत्येक मावळाच्या देशमुखालाच खेळाडू करा. बारा मावळे, बारा देशमुख, कोणतेही मावळ कोणाकडेही. नकाशे ८ लाख ९१ हजार ६१० कोटी. थप्पी ८ लाख ९१ हजार किलोमीटर! चंद्र आहे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. चंद्रावर गेलो, परत आलो आणि अजून लाखावर किलोमीटर कागद शिल्लक. आता पुन्हा जावळी घाला आणि चंद्रराव मोऱ्यांना बसवा तेराव्या पाटावर. तेरा चौकोन, तेरा धनी. थप्पी ३ कोटी किलोमीटर. एका झटक्यात ३४ पट! शुक्र आपल्या सगळ्यात जवळ येतो तेव्हा सुमारे चार कोटी किलोमीटरवर असतो. मोरे खेळात आले आणि चंद्रापलीकडची थप्पी शुक्राच्या तीन चतुर्थांश वाटेवर पोचली.

दम घ्या. आता जपान.

कोएईचे सतरा प्रांत. समजा सतरा धनी, आणि कोणताही प्रांत कोणाच्याही ताब्यात. सतराला सतराने सतरा वेळा गुणा. उत्तर आहे ८२ च्या पुढे आणखी १९ अंक. आपल्याकडे मोजणी एकं, दहं, शतं करत जाते आणि परार्धापाशी थांबते. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली संख्यांची नावेही तिथेच संपतात. आपले उत्तर आहे ८ हजार २७२ परार्ध! मोजणीची नावे संपली, त्याच्या आठ हजार पट पुढे आपण उभे आहोत, आणि हातात आहे पोरांचा एक खेळ.

हे नकाशे तांदळाचे दाणे मानले तर? एक दाणा वीस मिलिग्रॅमचा. सगळे दाणे मोजायला कोयना धरण आणा, १०५ टीएमसीचे. ते तांदळाने जवळजवळ सात हजार वेळा भरावे लागेल. विहिरींत ओतायचे म्हटले तर मघाच्या मापाच्या ३ हजार ४०० कोटी विहिरी, पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसामागे चार! रुपये मानले तर? केंद्र सरकारचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प पन्नास लाख कोटींच्या घरात होता. तेवढा खर्च दरवर्षी करत राहिलो तर रक्कम संपायला एक कोटी पासष्ट लाख वर्षे लागतील.

आणि आपली कागदांची थप्पी? ८२ लाख कोटी किलोमीटरच्या वर. मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटरचा धरला तर त्याच्या ५५ हजार कोटी खेपा. हिवाळ्यात रात्री मेढ्याच्या आकाशात मृगाच्या मागे जो सगळ्यात तेजस्वी तारा दिसतो तो व्याध. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला ८.६ वर्षे लागतात. आपल्या थप्पीच्या टोकाला पोचायला प्रकाशाला ८.७ वर्षे लागतील. सतरा प्रांतांच्या नकाशांची थप्पी व्याधाला मागे टाकते!

तिच्या बाजूने रेल्वे चालवा, ताशी ११० किलोमीटर, एकही थांबा नाही. टोक गाठायला ८ कोटी ६० लाख वर्षे. हा काळ कसा डोळ्यासमोर आणावा? ज्या काळ्या कातळावर प्रतापगड उभा आहे, ज्या कातळातून केळघर घाट कोरला आहे, तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून थिजला. आज पोचणारी ती गाडी निघाली तेव्हा सह्याद्री नव्हता. ती दोन कोटी वर्षे धावत राहिली आणि मग कुठे दख्खनचा लाव्हा वाहू लागला, आणि तेव्हा तिचा चौथा हिस्साही प्रवास झाला नव्हता! डायनोसॉर गेले, गाडी धावतेच आहे. डोंगर उभे राहिले, नद्या कोरल्या गेल्या, माणूस आला, मोरे आले, गाडी धावतेच आहे.

हे सतराचे झाले. पन्नासचे काय?

पन्नास प्रांत, पन्नास धनी. उत्तराला ८५ अंक. ते लिहून काढता येते, एका ओळीत मावते, पण मनात मावत नाही. शास्त्रज्ञ म्हणतात की आपल्याला दिसू शकणाऱ्या साऱ्या विश्वात मिळून एकावर ऐंशी शून्ये एवढे अणू असावेत. तुमच्या नखातले, वेण्णेच्या पाण्यातले, सूर्यातले, व्याधातले, अब्जावधी आकाशगंगांतले, सगळे धरून. आता प्रत्येक अणूच्या हाती नकाशे द्या. एकेका अणूच्या वाट्याला ८८ हजार नकाशे येतात! कागदांची थप्पी रचायला गेलो तर विश्व पुरत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत विश्व भरले, की दुसरे विश्व घ्या, मग तिसरे. अशी किती विश्वे? एकावर चोपन्न शून्ये! सेकंदाला शंभर कोटी नकाशे तपासणारा संगणक विश्वाच्या जन्मापासून, १ हजार ३८० कोटी वर्षे, कामाला लावला असता, तरी आज त्याने कामाला हातही लावलेला दिसला नसता.

आणि हा तर नुसता एका क्षणाचा फोटो आहे. खेळ पुढे चालतो! ‘शोगन’च्या दुसऱ्या भागात मोहीम १५४५ साली सुरू होते आणि १६०० पर्यंत जाते. वर्षाला चार ऋतू, प्रत्येक ऋतूला एक चाल. ५५ वर्षांच्या २२० चाली. दर चालीला खेळाडूपुढे फक्त दहा निर्णय आहेत असे धरू, प्रत्यक्षात शेकडो असतात. तर पूर्ण मोहिमा किती प्रकारांनी घडतील? एकावर २२० शून्ये. बुद्धिबळाचे डाव किती होऊ शकतात याचा गाजलेला अंदाज आहे एकावर १२० शून्ये. जपान-चीनमधल्या गो खेळाच्या पटावर नियमात बसणाऱ्या मांडण्या मोजल्या, त्या एकावर १७० शून्यांच्या दुपटीएवढ्या भरल्या. आपण दोघांना मागे टाकले, तेही दहाच पर्याय धरून!

एवढ्या वाटा. आणि जे खरोखर घडले ती यातली एकच वाट. म्हणून १६५६ च्या जानेवारीकडे बघा. शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. तेरावा चौकोन फिरला. चंद्रराव पळून रायरीला गेला, त्याच्या पाठोपाठ रायरीही हाती आली, आणि तिचा रायगड झाला. जावळीच्या माथ्यावर भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड उभा राहिला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच गडाच्या पायथ्याशी अफझलखान संपला. २८ नोव्हेंबरला पन्हाळा घेतला. दोन तारखांमध्ये अंतर १८ दिवसांचे, आणि आजच्या रस्त्याने प्रतापगड ते पन्हाळा दोनशे किलोमीटरच्या घरात, मुंबई-पुण्याहून लांब. जपानी खेळात एक चाल तीन महिन्यांची असते. महाराजांनी हे काम चालीच्या पाचव्या हिश्शात केले! नोबुनागाने १५६० साली ओकेहाझामाला पहिली मोठी बाजी मारली, तिथपासून तोकुगावांची शोगुनी यायला तीन माणसांची ४३ वर्षे गेली. जावळी ते रायगडावरचा ६ जून १६७४ चा राज्याभिषेक, हे अंतर आहे साडेअठरा वर्षांचे, आणि माणूस एकच.

मराठे अशा खेळांत आलेही आहेत. ‘शोगन’ काढणाऱ्या त्याच क्रिएटिव्ह असेंब्लीच्या २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठ्यांची बाजू घेऊन खेळता येते. ती मोहीम १७०० साली सुरू होते. त्या वर्षी एप्रिलपर्यंत औरंगजेब स्वतः साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. पण तिथे नकाशावर सारे जग आहे, आणि जगाच्या नकाशात जावळीला वेगळा चौकोन कुठून मिळणार?

तो आपण द्यायचा. मेढ्यात, केळघरात, कुडाळात जी मुले आज संगणक शिकत आहेत त्यांना माझे सांगणे आहे: हा खेळ तुम्ही करा. कोएईने जपान ६४ किलोबाइटमध्ये बसवला, तुमच्या खिशात त्याच्या लाखपट जागा आहे. घाट तुमच्या पायाखालचे आहेत, पाऊस कुठल्या महिन्यात वाट अडवतो हे तुम्हाला कोणी शिकवायला नको, खाचरात किती भात येतो हे घरात विचारले तरी कळेल. तेरा चौकोन आखा, तेरा नावे लिहा, जावळीपासून सुरुवात करा.